ऑक्टाव्हिया व्हीआरएस स्टेज २: घाटात ऑइल १२२, ट्रॅकवर १३६. ऑइल कूलर बसवू का?

पसरणीकर (वाई)

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० घोड्यांवाली, सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). डाउनपाइप (टर्बोमागची मोठी एक्झॉस्ट नळी), मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि स्टेज २ मॅप, म्हणजे ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर. कागदावर ३०० च्या आसपास घोडे आहेत, खरे किती ते घोड्यांनाच ठाऊक.

प्रश्न तापमानाचा आहे. मे महिन्यात भर दुपारी वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला चढलो. खाली ३९ अंश, एसी चालू, गाडी जरा दाबून चालवली. वर टेबललँडच्या फाट्याशी पोचेपर्यंत स्क्रीनवर ऑइल टेम्परेचर १२२. पंखा असा घोंगावत होता की रस्त्याकडेचा मका-कणीसवाला वळून बघायला लागला. गंमत म्हणजे डॅशवरचा पाण्याचा काटा ९० वर ठाम, जरासुद्धा हलला नाही.

दुसरा प्रसंग कोइमतूरचा. करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होता. तिसऱ्या-चौथ्या लॅपला ऑइल १३६, आणि गाडी स्पष्ट ढिली पडली. पिटमध्ये येऊन बॉनेट उघडून बसलो.

इंटरकूलर ज्या गॅरेजमध्ये बसवला, ते म्हणतात १९ रोचा (१९ नळ्यांच्या ओळींचा) ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढं टाकू, "थंडा थर्मोस्टॅट" (कमी तापमानाला उघडणारा) टाकू, कूलंट काढून नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि वेटर (पाण्यात घालायचं रसायन) भरू. बिल चांगलंच मोठं होतंय. पैसे घालायला हरकत नाही, पण कशासाठी घालतोय ते कळलं पाहिजे. कुणी ह्या इंजिनवर हे काम केलंय का?

जुनी_एस्टीम (नाशिक)

भाऊ, एवढा विचार कशाला? आम्ही रॅलीला मारुती एस्टीम पळवायचो तेव्हा पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. दुसरं काम, पंख्याला डायरेक्ट स्विच. तिसरं, बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली दोन-दोन वॉशर टाकायचे, काचेकडून फट पडते, गरम हवा निघून जाते. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. गाडी कधी उकळली नाही. हल्लीच्या पोरांना किट विकत घेतल्याशिवाय समाधान नाही.

डायनोकाका (भोसरी)

एस्टीमराव, तुमच्या गाडीला ते चालून गेलं, कारण तिच्यात उष्णताच कमी होती आणि नाशिकची हवा बरी होती. ह्या पोराच्या गाडीत थर्मोस्टॅट काढायला गेलात तर सापडायचा नाही. तुझ्या ईए८८८ इंजिनच्या तिसऱ्या पिढीत पाण्याच्या पंपाशेजारी एक मॉड्यूल आहे, त्यात दोन फिरते व्हॉल्व्ह, छोटी मोटर ते फिरवते, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो पाणी किती तापू द्यायचं. साधारण ८५ पासून १०७ पर्यंत. निवांत चालवत असाल तर तो मुद्दाम पाणी गरम ठेवतो, घर्षण कमी व्हावं म्हणून. पाय दाबलात की खाली आणतो. मेणाचा साधा थर्मोस्टॅट त्यात आहे, पण तो फक्त आणीबाणीसाठी, ११३ ला उघडणारा.

आणि साध्या गाडीतसुद्धा थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो, कमाल नव्हे. एकदा तो पूर्ण उघडला की पुढचं सगळं रेडिएटर आणि हवा ह्यांच्या हातात. तो ८० ला उघडला काय आणि ९५ ला उघडला काय, १०८ वर तो कधीचाच उघडलेला असतो. म्हणून "थंडा थर्मोस्टॅट" हा खर्च आधी यादीतून खोड.

वॉशरचं सांगतो. ताशी २० नं ट्रॅफिकमध्ये हवा वर जाते, तिथं उपयोग होतो. पण गाडीनं वेग घेतला की काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो. म्हणूनच तर केबिनची ताजी हवा आपण तिथून घेतो. त्या फटीतून मग हवा बाहेर येण्याऐवजी आत घुसते, आणि रेडिएटरमागचा दाब वाढून पुढून येणारी हवा कमी होते. ट्रॅकवर हे उलटंच काम करतं.

आता पसरणीकर, तुझ्याकडं वळतो. मी बरीच वर्षं टेस्ट बेडवर (इंजिन बांधून चाचणी घेतात त्या मंचावर) इंजिनं तापवण्याचंच काम केलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं, तो डॅशवरचा काटा विसर. साधारण ७५ पासून १०५ च्या आसपासपर्यंत पाणी कुठंही असलं तरी तो ९० च दाखवतो. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून तसा बसवलाय. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं यंत्र) घे, फोनवर पाण्याचं खरं तापमान, ऑइल, इनटेकच्या हवेचं तापमान आणि चारी सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ, क्रँकशाफ्टच्या अंशांत) किती मागं ओढलं जातंय, एवढं लॉग कर. गाडी कोण चालवतंय आणि फोन कोण बघतंय ही माणसं वेगळी असू देत.

दुसरं, आणि खरं तर सगळ्यात मोठं. एकटं ऑइल टेम्परेचर बघून काही कळत नाही. पाणी आणि ऑइल ह्यांच्यातलं अंतर बघ. तुझ्या इंजिनात ऑइल थंड करायला वेगळा रेडिएटर नाही. फिल्टरच्या बैठकीला एक छोटा हीट एक्स्चेंजर आहे, त्यात एका बाजूनं ऑइल, दुसऱ्या बाजूनं कूलंट. ऑइल आपली उष्णता पाण्याला देतं, पाणी ती रेडिएटरला नेतं. म्हणजे जोर लावलेला असताना पाणी १०८ असेल तर ऑइल १०८ च्या खाली येणं शक्यच नाही, कितीही महागडं भरलंस तरी. डीएसजीचं तेलसुद्धा ह्याच पाण्यावर थंड होतं, ते विसरू नको.

तेव्हा दोन्ही एकत्र चढत असतील आणि अंतर १०-१५ अंशांचं असेल, तर ऑइल बिचारं निरपराध आहे. दुखणं पाण्याचं, म्हणजे हवेचं. पाणी ९५-१०० वर टिकून असेल आणि ऑइल एकटंच १३० च्या वर पळालं असेल, तर एक्स्चेंजर कमी पडतोय, तिथं ऑइल कूलरची गोष्ट बोलू. तुझ्या पोस्टमध्ये घाट आणि ट्रॅक एकाच दमात आलेत. मला ती दोन वेगळी दुखणी वाटतात.

का ते सांगतो. घाटात इंजिनाला काम किती पडतं? १५०० किलोची गाडी, १०० मीटरला ७ मीटर चढ, ताशी ४० चा वेग. गणित मांड, नुसतं चढायला ११-१२ किलोवॉट लागतात. तुझ्या इंजिनाच्या मानानं काहीच नाही. तू वळणातून निघताना दाबतोस, पुन्हा ब्रेक मारतोस, त्यामुळे सरासरी तिप्पट-चौपट धरली तरी ट्रॅकच्या जवळ जात नाही. तरीही पंखा बोंबलतोय. म्हणजे उष्णता जास्त नाही, हवा कमी आहे.

रेडिएटरचं काम पाणी आणि हवा ह्यांच्या तापमानातल्या फरकावर चालतं. बाहेर ४०, पाणी १०० असेल तर फरक ६०. पण रेडिएटरला बाहेरची हवा मिळते कुठं? पुढं एसीचा कंडेन्सर, मग तुझा तो जाडजूड इंटरकूलर, मग रेडिएटर. ह्या दोघांतून तापून हवा ६० ची झाली तर फरक उरला ४०. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता काढणार दोन तृतीयांश. आणि ऑइल कूलर ह्याच रांगेत सगळ्यात पुढं लावला तर? पाणी आणखी तापणार, आणि पाणी तापलं की एक्स्चेंजरमधून ऑइलही. पैसे देऊन दुखणं विकत घेशील.

लॉग टाक, मग पुढचं बोलू. आणि गाडीखाली वाकून बघ: इंजिनाखालचा प्लास्टिकचा ट्रे जागेवर आहे का?

रानवारा (स्टुटगार्ट)

काका, तुमचं अंतराचं म्हणणं मान्य, पण ट्रॅकसाठी मी ऑइल कूलरच्या बाजूनं आहे. माझी ह्युंदाई आय३० एन आहे, उन्हाळ्यात नॉर्डश्लायफंला (जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा लांब ट्रॅक) घेऊन जाते. एक फेरी २०.८ किलोमीटरची, आणि केसेलशेन ह्या भागापासून कारुसेल ह्या वळणापर्यंत बराच वेळ चढावर पूर्ण थ्रॉटल. पाणी तिथंही शहाण्यासारखं वागतं, ऑइल मात्र त्या चढावर सरळ रेषेत वर जातं. आणि इथं मला २५ अंशांची हवा मिळते. कोइमतूरला कुठून मिळणार?

पसरणीकर, अजून एक. स्क्रीनवरचा आकडा सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलचा असतो. बेअरिंगमध्ये आणि टर्बोच्या शाफ्टपाशी ऑइल त्याहून बरंच जास्त तापलेलं असतं. १३६ वाचलास म्हणजे तिथं १३६ नव्हतं. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल भरलंयस का? त्याचा दाटपणा १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये असतो, ५डब्ल्यू-४० म्हणजे १२.५ ते १६.३. उन्हाळ्यात ट्रॅकवर जाणार असशील तर निदान त्या दिवसापुरतं तरी ४० बरं. आणि डबा उचलताना व्हीडब्ल्यू ५०२ ०० ची मान्यता छापलेली आहे का ते बघ, नुसत्या "रेसिंग" ह्या शब्दावर जाऊ नको.

डायनोकाका (भोसरी)

रानवारा, ऑइल कूलर नकोच असं मी कुठं म्हटलं? कुठं लावायचा आणि कशानंतर लावायचा, एवढंच म्हणणं आहे. सम्पचा मुद्दा बरोबर. ग्रेडचाही बरोबर, फक्त एक पुस्ती: १५० अंशांना पातळ होऊनही किती ताकद उरते तो आकडा बघावा, एचटीएचएस म्हणतात. ३.५ च्या वर हवा. काही ५डब्ल्यू-३० सुद्धा त्यात बसतात, त्यामुळे नुसतं ३० आणि ४० वरून भांडायला नको.

पसरणीकर (वाई)

काका, लॉग केला. बायको शेजारी फोन धरून बसली होती, आता तिला नॉक (पेट्रोलचं अवेळी भडकणं) कशाला म्हणतात ते माझ्यापेक्षा बरं कळतं.

घाट, दुपारी, बाहेर ३८, एसी चालू: वर पोचताना पाणी १०८, ऑइल १२२. इनटेकची हवा ६८. टायमिंग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला ५-६ अंश मागं ओढलं जातंय. पेट्रोल वाईतल्याच पंपावरचं साधं.

करीचा लॉग ट्यूनरकडं निघाला: पाणी ९९, ऑइल १३६.

आणि ट्रे नाहीये. इंटरकूलर बसवताना काढला तो परत लावलाच नाही. गॅरेजला फोन केला तर म्हणाले, "तसाही स्पीडब्रेकरला घासत होता, आणि खालून हवा लागेल, बरंच आहे."

डायनोकाका (भोसरी)

हे घे. घाटात अंतर १४, ट्रॅकवर अंतर ३७. दोन वेगळी दुखणी.

"खालून हवा लागेल" हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत ऐकलंय. हवेला आत यायला जेवढी जागा लागते तेवढीच बाहेर पडायलाही लागते. तो ट्रे आणि त्याच्या मागच्या झडपा अशा बेतलेल्या असतात की गाडी चालताना खाली दाब कमी होतो आणि इंजिन बेमधली गरम हवा खाली-मागं ओढली जाते. ट्रे काढला की गाडीखालची गोंधळलेली हवा वर बेमध्ये शिरते, रेडिएटरमागचा दाब वाढतो, पुढची हवा म्हणते मी कशाला येऊ. आणि हळू वेगात आणखी वाईट: पंख्यानं मागं फेकलेली गरम हवा खालून फिरून परत ग्रिलमध्ये येते. तुझी इनटेकची हवा ६८ आहे ना, तीही इथंच तापते आहे.

इंटरकूलर बसवताना बाजूचे फोम आणि रबरी पट्ट्याही गेल्या असणार, पैज लावतो. कारखान्यातून गाडी येते तेव्हा रेडिएटरच्या चारी बाजूंना प्लास्टिकचे पडदे आणि फोम असतात. हवा आळशी असते, तिला कंडेन्सरच्या बारीक पात्यांतून जायचं नसतं. बाजूला दोन बोटांची फट दिसली की ती तिकडून निघून जाते. अशा गाडीला मोठा रेडिएटर लावणं म्हणजे गळक्या पखालीनं हौद भरणं.

फटी शोधायला उदबत्ती घे. गाडी अंगणात गरम कर, एसी लाव म्हणजे पंखा फिरेल, आणि रेडिएटरच्या कडेकडेनं, बंपर आणि कंडेन्सरच्या मधून उदबत्ती फिरव. पेट्रोलचा वास येत नाहीये एवढी खात्री आधी करून घे. धूर पात्यांमध्ये ओढला गेला तर ठीक. बाजूनं पळाला किंवा मागून पुढं तोंडावर आला, तर तिथं खडूनं खूण कर. टेस्ट बेडवर आम्ही धुराची कांडी वापरायचो, उदबत्तीनं तेच दिसतं आणि वासही बरा.

मग कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधे टॉर्च मारून बघ. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो म्हणून लोक फसतात. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक्स्प्रेसवेवरचे किडे, धूळ आणि पावसाळ्यातला चिखल बसून घट्ट थर झालेला असतो. बाहेरून प्रेशर वॉशर मारू नको, पाती झोपतात आणि तो थर आणखी आत जातो. बंपर काढून, मधे सैल करून, मागून पुढं साध्या नळाच्या पाण्यानं धुवायचं.

आता टायमिंग. ह्याकडं लोक बघतच नाहीत. साध्या पेट्रोलवर स्टेज २ चा मॅप चालवतोस, नॉक होतो, ईसीयू ठिणगी उशिरा देतो. जळण उशिरा झालं की उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. जुन्या इंजिनात ती मॅनिफोल्डमधून बाहेर गेली असती. तुझ्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) हेडमध्येच ओतलेला आहे, भोवती पाणी खेळतं. म्हणजे वाईट पेट्रोलची उष्णता थेट तुझ्या कूलंटमध्ये. शिवाय ताकदही कमी मिळते, म्हणून तू आणखी दाबतोस. इंडियन ऑइलचं एक्सपी१००, १०० ऑक्टेनचं पेट्रोल, डिसेंबर २०२० मध्ये आलं, मोठ्या शहरांतल्या मोजक्याच पंपांवर मिळतं. रोज ते परवडणार नाही. निदान ९५ ऑक्टेनवालं भर, आणि ट्यूनरला सांगून घाटासाठी थोडा मवाळ मॅप ठेव. चांगला ट्यूनर बूस्ट थोडा कमी करून टायमिंग परत देतो, गाडी हाताला अजिबात हळू वाटत नाही.

नुसत्या पाण्याचं: पाणी एका किलोला एका अंशाला ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं, निम्मं-निम्मं मिश्रण ३.४ च्या आसपास. त्यामुळे पाणी चांगलं हे खरंच. पण रस्त्यावरच्या गाडीत ते गंज आणतं आणि लवकर उकळतं. टाकीच्या दाबाखाली मिश्रण १२५ च्या पुढंही उकळत नाही, ती गादी घालवू नको. आपल्याकडं गोठण्याची भीती नाही, तेव्हा ४० टक्के कूलंट, ६० टक्के डिमिनरलाइज्ड पाणी पुरे. ४० च्या खाली जाऊ नको, गंजापासूनचं संरक्षण तिथं संपतं. जांभळ्या जी१३ कूलंटमध्ये बाजारातलं हिरवं ओतू नको, आणि बोअरचं पाणी तर कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

जुनी_एस्टीम (नाशिक)

काका, वॉशर काढतो एकदाचे. थर्मोस्टॅटवर मात्र अजून विचार करतोय.

पसरणीकर (वाई)

झालं काम, सांगतो. दोन शनिवार गेले. उदबत्तीचा धूर उजव्या बाजूनं सरळ मागून पुढं आला, बायकोनं व्हिडिओ काढलाय. डावीकडची फोमची पट्टी होती, पण दुमडून आत अडकलेली. उजवीकडची नव्हतीच. वरचा प्लास्टिकचा पडदा इंटरकूलरला आडवा येतो म्हणून कापलेला. आणि कंडेन्सरच्या मागं खरंच थर, बोटानं सोलला तर पापुद्र्यासारखा निघाला, त्यात एक अख्खं फुलपाखरू.

फोम नवा लावला, चांगला दाबून बसणारा. पडद्याच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावला. ट्रे नवा आणला, जुना गॅरेजवाल्याला "सापडत नव्हता". पेट्रोल ९५. मॅप मवाळ.

काल तोच घाट, दुपारीच, बाहेर ३७, एसी चालू. पाणी ९७, ऑइल ११०. टायमिंग जास्तीत जास्त २ अंश मागं. इनटेक ५४. पंखा होता, पण मका-कणीसवाल्यानं ढुंकून बघितलं नाही.

आता ट्रॅक. पुन्हा करीला जायचंय. तिथं अंतर ३७ होतं, म्हणजे तुमच्याच हिशेबानं कूलर लागणार. कुठं लावू?

डायनोकाका (भोसरी)

लागणार. करीची फेरी २.१ किलोमीटरची, मान मोडेपर्यंत वळणं, आरपीएम सतत वर. ऑइल तापतं ते मुख्यतः आरपीएममुळं: बेअरिंगमधलं घर्षण, पिस्टनच्या खालून मारलेले फवारे आणि टर्बो. त्यामुळे पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे डीएसजी मॅन्युअल मोडला टाकून एक गिअर वर. जिथं तिसऱ्यात ६,००० ला आहेस तिथं चौथ्यात ४,५०० ला ये. तुझ्या टॉर्कमध्ये लॅपचा वेळ फारसा जाणार नाही, ऑइल मात्र हमखास खाली येईल.

कूलरची जागा: रेडिएटरच्या पुढं नाही. उजव्या फॉगलॅम्पमागं, चाकाच्या पुढच्या पोकळीत. त्याला बंपरच्या जाळीपासून बंद नळी हवी, आणि बाहेर पडायला व्हील आर्चच्या लायनरमध्ये झरोके हवेत. हे दुसरं लोक विसरतात, मग कूलर गरम डबक्यात बसतो. १९ रो तिथं मावणार नाही, लहान घे. हवा नीट मिळालेला लहान कूलर हा हवा न मिळालेल्या मोठ्यापेक्षा केव्हाही चांगला.

ह्या इंजिनात फिल्टर वरून बसतो, कार्ट्रिजचा, त्यामुळे जुन्या गाड्यांची सँडविच प्लेट (फिल्टरखाली बसवून ऑइल कूलरकडं वळवणारी) चालत नाही. ह्याच इंजिनचा ॲडॉप्टर माग. त्यात ऑइलचा थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, ८०-९० च्या दरम्यान उघडणारा. तो नसेल तर डिसेंबरात महाबळेश्वरला ऑइल ७० वरच राहील. थंड ऑइलमधलं पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही, त्यासाठी रोज थोडा वेळ तरी १०० च्या जवळ जावं लागतं. मूळचा हीट एक्स्चेंजर काढू नको, सकाळी ऑइल लवकर गरम करतो तो तोच.

होज ड्राइव्ह शाफ्टपासून आणि डाउनपाइपपासून लांब, जिथं पत्र्यातून जातात तिथं रबरी ग्रोमेट. स्टीलच्या जाळीचे होज ॲल्युमिनियमला करवतीसारखे कापतात, वर रबरी आवरण घाल. सांधे हातानं बसवून मग स्पॅनर, आणि एकदा गरम करून, थंड झाल्यावर पुन्हा तपासायचे. कूलर आणि होजमध्ये जादा ऑइल मावतं, तेव्हा पहिल्यांदा चालू करून, बंद करून पातळी बघ. कोइमतूरला निघण्याआधी हे सगळं घालून पसरणी घाट एकदा चढ, खाली पुठ्ठा पसरून रात्रभर गाडी उभी कर.

रानवारा (स्टुटगार्ट)

आणि ट्रॅकवर ऑइल १२५ दिसलं की एक लॅप हळू, गिअर वर, एसी बंद. पिटमध्ये आल्यावर लगेच इंजिन बंद करू नको. शेवटचा अर्धा लॅप थंड चालवून ये, बॉनेट उघड, पंखा फिरू दे. हँडब्रेक ओढू नको, पॅड चिकटतात.

पसरणीकर (वाई)

ॲडॉप्टर शोधतोय, पुण्यात कुणाकडं असेल तर सांगा. एस्टीमकाका, तुम्हीही चला कोइमतूरला, पुठ्ठा पसरायला माणूस लागेल.

जुनी_एस्टीम (नाशिक)

येतो. एस्टीम घेऊनच येतो. थर्मोस्टॅटसकट.